‘स्वमग्न’ हा शब्द आणि आपली साक्ष



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसून मी मराठी शिकले. त्यामुळे या व्यासपीठावर उभे राहताना अभिमानाइतकाच संकोचही वाटतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिकेला बोलावले म्हणजे ती महानुभाव वाङ्मयावर, संतकवितेवर, नाहीतर आपल्या भागातील बोलीवर बोलणार, असे गृहीत धरणे साहजिकच आहे. मी विषय कळविला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी अदबीने विचारले, ‘‘बाई, हा विषय डॉक्टरांचा नव्हे का?’’ तो डॉक्टरांचा आहेच. परंतु एखाद्या माणसाला कोणत्या नावाने ओळखायचे, त्याची हकिकत कोणी सांगायची आणि सांगितलेल्या हकिकतीतून हक्क कसा उभा राहतो, हे तीनही प्रश्न भाषेचे आहेत. उभ्या आयुष्यात मी दुसरे काही शिकविलेले नाही.

तात्कालिक निमित्तही सांगते. सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींतील काही पालक अलीकडे एकत्र येऊ लागले आहेत. त्यांच्या घरी स्वमग्न मुले आहेत. काहींची मुले आता मुले राहिलेली नाहीत, पंचविशी-तिशीची झाली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची घडी बसत असतानाच आपापले अनुभव लिहून ते प्रशासनापुढे ठेवावेत, असा या मंडळींचा विचार आहे. त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या : तुम्ही स्वतः लिहाल का, आणि कसे लिहावे ते आम्हाला सांगाल का? पहिल्याचे उत्तर मी तत्काळ ‘हो’ असे दिले. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे आजचे हे व्याख्यान.

प्रथम शब्दाचा विचार करू. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ‘ऑटिझम’ हा शब्द रूढ केला. ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’, या ग्रीक शब्दावरून तो घडविलेला आहे. ब्लॉयलरना मात्र त्यातून वेगळीच अवस्था, छिन्नमनस्कतेतील एक लक्षण, सांगावयाचे होते. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवर निबंध लिहिला आणि १९४४ मध्ये व्हिएन्ना येथे हान्स आस्पेर्गर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले. त्यांच्याही आधी, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टरबाईंनी अशा मुलांचे अतिशय बारकाईने वर्णन केले होते. पण त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत यावयाला फार वर्षे लागली. बायकांनी आधी लिहिलेले नंतर सापडते, हे आम्हा वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना नवे नाही.

मराठीने या शब्दासाठी ‘स्वमग्न’ हा शब्द स्वीकारला. वास्तविक ‘मग्न’ हा आपल्याकडे मोठा कुलीन शब्द आहे. ध्यानमग्न, कार्यमग्न, आनंदमग्न असे म्हणताना आपण त्या माणसाकडे आदराने पाहतो. पण त्याच्यामागे ‘स्व’ लावला की अर्थाला लगेच आंबटपणा येतो. जो स्वतःत बुडाला आहे, ज्याला इतरांची पर्वा नाही, असा काहीसा तो अर्थ. शासकीय हिंदीने तर याहून पुढची मजल मारली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या हिंदी नावात ‘स्वपरायणता’ हा शब्द आहे. धर्मपरायण म्हणजे धर्माला वाहिलेला, कर्तव्यपरायण म्हणजे कर्तव्याला वाहिलेला. मग स्वपरायण म्हणजे कोण? चार वर्षांच्या, अजून ‘मी’ हा शब्दही न उच्चारणाऱ्या मुलाच्या कागदावर हा शब्द वाचून त्याच्या आईने मला विचारले होते, ‘‘मॅडम, यात स्वार्थी असं लिहिलंय का हो?’’ त्या माउलीचा शब्दार्थ कोशाच्या दृष्टीने फारसा चुकलेला नव्हता.

माझ्या मुलीचा मुलगा आज वीस वर्षांचा आहे. तो नागपूरला वाढला. सुट्यांत सौंसरला येतो. तोंडाने तो मोजकेच बोलतो. मोबाइलवर टंकून मात्र पुष्कळ सांगतो, तेही मराठीत आणि ऱ्हस्वदीर्घ सांभाळून. या शब्दाविषयी मी त्याचे मत विचारले. त्याने लिहिले ते असे : मी माझ्यात बुडालेलो नाही, सगळे जग माझ्यात शिरते, म्हणून मी दार लावतो. कुकरची शिट्टी त्याला स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, ती त्याच्या आत वाजते. आपल्याला जी ट्यूबलाइट मुकी वाटते तिची गुणगुण त्याला सतत ऐकू येते. लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की तो कान दाबून बाहेर पडतो, आणि वऱ्हाडी म्हणतात, मुलाला माणसांची आवड नाही. माणसे तर त्याला आवडतात; त्याला सोसत नाहीत ते ताशे. शब्द बदलावा की न बदलावा, यावर माझा फारसा हट्ट नाही. रुळलेला शब्द उपटून नवा लावणे म्हणजे उभ्या बागेत कलम बदलण्यासारखे आहे, ते सहसा धरत नाही. पण हा शब्द वापरताना त्यातील ‘स्व’ फार खरा मानू नये, एवढी विनंती मी करीन.

हे सारे पाश्चात्त्यांकडून आलेले नवे खूळ आहे, असे म्हणणारे लोक मला भेटतात. नाव नवे आहे, माणसे नवी नाहीत. माझा धाकटा भाऊ १९५५ साली सौंसरला जन्मला आणि २००९ मध्ये सौंसरलाच गेला. त्याला कोणत्याही डॉक्टरांनी कधी हे नाव दिले नाही, आणि आज मीही ते त्याला मागाहून चिकटविणार नाही. त्याने काय केले आणि त्याच्या बाबतीत काय घडले, तेवढेच सांगते. तो पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. मग बोलू लागला तो पूर्ण वाक्यांत, आणि बहुधा आपण विचारलेले वाक्यच परत देई. आईने त्याला जामसावळीला नेले. मारुतिरायाच्या दर्शनाला दूरदूरहून लोक अशी दुखणी घेऊन येतात, हे आपण जाणताच. तेथे त्याला बरे वाटले की नाही हे मी सांगू शकत नाही. पण देवळाच्या आवारात तो तासन्‌तास बसे, आणि ‘येथून उठ’ असे त्याला कोणी म्हणत नसे. गावातील इतर ठिकाणांविषयी असे म्हणण्याची सोय नव्हती. ज्या प्राथमिक शाळेत त्याला आधी घातले होते, तेथून दोन महिन्यांत नाव काढून घ्यावयास सांगण्यात आले.

गुरुजींनी त्याला या शाळेत बसू दिले. पटावर नाव होते की नव्हते, हे आता कोणाला सांगता येणार नाही, पण मागच्या बाकाशेजारच्या खिडकीची जागा त्याची होती. शाळेच्या घंटेचा त्याला अतोनात त्रास होई; ती वाजली की तो खाली बसून डोके गुडघ्यांत घाली. मुले हसत. गुरुजींनी एके दिवशी घंटेचा टोला त्याच्याच हाती दिला. घड्याळ त्याला चांगले समजत असे. स्वतः वाजविलेल्या घंटेने त्याला कधी त्रास झाला नाही, कारण ती केव्हा वाजणार हे त्याला ठाऊक असे. आज या विषयावरील तज्ज्ञ सांगतात की अनपेक्षित आवाज आणि अपेक्षित आवाज यांत अशा व्यक्तींच्या दृष्टीने मोठा फरक असतो. गुरुजींनी त्यावर काही वाचलेले असण्याचा संभव नाही. त्यांनी त्या मुलाकडे पाहिले होते, इतकेच. येथे उपस्थित असलेल्या साठीच्या पुढच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी ती घंटा ऐकली असेल.

परंतु केवळ कौतुकाच्या गोष्टी सांगून हक्काची बाजू मांडता येत नाही. मोठा झाल्यावर माझा भाऊ संत्र्यांच्या बागांतून काम करू लागला. फळ नुसते हाती घेऊन तो त्याची प्रत ठरवी. आंबिया असो की मृग, मोठा माल, मधला माल, बारीक माल असे त्याचे ढीग कोणाला पुन्हा तपासावे लागत नसत. पेटीत किती नग बसले हे तो न मोजता सांगे. व्यापारी मुद्दाम त्याला बोलावून नेत. त्याच्याशेजारी बसून तेच काम करणाऱ्यांना रोजाने मजुरी मिळे. त्याला दोन वेळचे जेवण आणि दिवाळीला एक सदरा मिळे. त्याच्या कामाला किंमत होती, पण त्याला स्वतःला मजुरी नव्हती. जे हे करीत होते ते दुष्ट नव्हते. त्यांपैकी कित्येकांनी त्याला मुलासारखे वागविले. ‘त्याला पैशाचे काय कळते?’ हा प्रश्न त्यांना दयेचा वाटे. मला मात्र वाटते, दया आणि हक्क यांत जे अंतर आहे ते त्या एका सदऱ्याएवढे स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. १९७८ मध्ये वडील वारले. नामांतरणाच्या वेळी एका वडीलधाऱ्या नातलगांनी सुचविले की याचे नाव घालू नये, पुढे विक्रीव्यवहारात अडचण येते. त्यांनी शास्त्राचाही आधार दिला, आणि आधार खोटा नव्हता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्यांना दायभाग नाही अशांची यादी आहे. तीत आंधळे, बहिरे, मुके यांच्यासह वेडे आणि जड यांचाही समावेश आहे. इंग्रजी अमदानीत १९२८ चा कायदा आला. त्याने व्यंगामुळे वारसा नाकारण्याची प्रथा बरीचशी मोडली, परंतु जे जन्मापासून वेडे अथवा जडबुद्धी असतील त्यांना त्यानेही बाहेरच ठेवले. तो दरवाजा उघडला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने. रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने कोणीही वारशाला अपात्र ठरत नाही, असे ते कलम सांगते. माझी आई चौथी शिकलेली होती. तिला ना मनू ठाऊक, ना २८ वे कलम. ती पटवाऱ्यासमोर एवढेच म्हणाली, ‘‘माह्या चारही लेकरायचे नाव घाला, नाहीतर माह्यं बी नोका घालू.’’ चारही नावे लागली. नागपूरच्या ग्रंथालयात १९५६ चा अधिनियम मी वाचला तो त्यानंतर सात वर्षांनी, आणि आईला तो मराठीत समजावून सांगितला. ती म्हणाली, ‘‘मंग मी काय येगळं बोलली व्हती?’’

कायद्याचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण निवेदन लिहिणाऱ्यांना तो लागेल. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींसाठी जो मोठा कायदा झाला त्यात सात प्रकारची व्यंगे होती, स्वमग्नता नव्हती. म्हणजे ज्या मुलाला मतिमंद म्हणावे तर तो गणित सोडवितो, आणि मनोरुग्ण म्हणावे तर त्याला तो आजार नाही, त्याला रकानाच नव्हता. मग पालकांनी एक तर खोटे प्रमाणपत्र घ्यावे, नाहीतर काहीच घेऊ नये. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ने आणि देशभरच्या पालकांनी यासाठी सतत लेखणी आणि चपला झिजविल्या. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचे नाव प्रथम आले, पण शिक्षण आणि नोकरीचे हक्क त्यातून मिळाले नाहीत. ते आले २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात. त्यात एकवीस व्यंगे आहेत, आणि स्वमग्नता त्यांत स्पष्टपणे आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक व्यंग प्रमाणित झालेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते जवळच्या शाळेत की विशेष शाळेत, हे निवडण्याचाही. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययनविषयक विशिष्ट अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून वाटला जातो. पंगत मोठी आणि भाकरी एक, पण पूर्वी पानच मांडलेले नव्हते. याच कायद्याच्या १३ व्या कलमात मालमत्ता बाळगण्याचा व वारशाने मिळविण्याचा हक्क पुन्हा उच्चारला आहे. २०११ च्या जनगणनेत मात्र स्वमग्नांचा स्वतंत्र रकाना नव्हता. ज्यांची नोंद झाली ते ‘इतर’ मध्ये किंवा भलत्याच रकान्यात गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक स्वमग्न होती. सौंसरच्या आठवडी बाजारात एका सकाळी किती माणसे येतात त्याचा विचार करा, म्हणजे हा आकडा दूरचा वाटणार नाही.

आता अनुभव सांगण्याच्या प्रश्नाकडे येते, आणि येथे मला जरा रेंगाळावयाचे आहे.

अनुभवातून हक्काची मागणी उभी राहते, हे मराठी वाचकाला वेगळे पटवून द्यावयास नको. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’, १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’. ती पुस्तके मी वर्गात शिकविली आहेत. अहवालांनी आणि आकडेवारीने जे साधले नव्हते ते त्यांनी साधले, याचे कारण त्यांत करुणा होती हे नव्हे. जो भोगत होता तोच सांगत होता, हे त्याचे कारण. स्वमग्नांच्या बाबतीत पेच येथेच पडतो. आजवर त्यांच्याविषयी जे सांगितले गेले ते बहुतेक डॉक्टरांनी, नाहीतर आईबापांनी, नाहीतर माझ्यासारख्या बहिणींनी आणि आज्यांनी. १९९३ मध्ये कॅनडात टोरांटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वतः स्वमग्न असलेल्या व्यक्तीने पालकांना उद्देशून एक भाषण केले. त्याचा आशय असा होता की, तुम्ही आमच्यासाठी शोक करू नका. तुम्हाला जे मूल हवे होते ते जन्मले नाही याचे दुःख तुमचे आहे, ते आमच्या माथी मारू नका. प्रथम वाचताना हे बोल कठोर वाटतात. मला ते आवश्यक वाटले.

पालकांचीही बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य देशांत या अवस्थेचे खापर आईवर फोडले जात होते. आई बर्फासारखी थंड, तिने माया केली नाही, म्हणून मूल असे झाले, अशी उपपत्ती. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तिला फार प्रतिष्ठा दिली. तिला उत्तर देणारे पुस्तक त्याच्या तीन वर्षे आधीच बर्नार्ड रिमलँड यांनी लिहिले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. शास्त्राने ती उपपत्ती केव्हाच टाकून दिली. घराघरांतील शास्त्रार्थ मात्र चालूच आहे. माझ्या मुलीला काय काय ऐकावे लागले! तू नोकरी करतेस म्हणून, तू ग्रहण पाळले नाहीस म्हणून, तू मुलाला टीव्हीपुढे बसविलेस म्हणून. मुलाच्या वडिलांना कोणी काही विचारले नाही. मग उपचारांचे दुकानदार येतात. मूलपेशींचे महागडे उपचार स्वमग्नतेवर गुणकारी म्हणून विकले जात होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये त्यांची शिफारस करता येत नाही असे सांगितले, तरी जाहिराती वाचणारे गरजू लोक आयोगाची पत्रके वाचत नाहीत. वाणी-उपचार, हळूहळू कौशल्ये शिकविणे, गोंगाट कमी असलेली खोली, ठरलेले वेळापत्रक, या गोष्टींचा उपयोग होतो. पण त्या विकून कोणी गबर होत नाही.

तेव्हा पालकांनी सांगावे, अवश्य सांगावे. पण काय आणि कसे? या बाबतीत मला आमच्या म्हाइंभटांचा आदर्श पुरेसा वाटतो. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळा गोळा करताना म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिले, ऐकले त्यांच्याकडे जाऊन विचारले. स्थळ, प्रसंग, उपस्थित माणसे यांची नोंद घेतली. एकाची आठवण दुसऱ्याहून निराळी निघाली तर तो पाठभेदही परंपरेने जपून ठेवला. ‘फार हाल झाले’ असे लिहू नका. कोणत्या वर्षी, कोणत्या इयत्तेत, काय शब्दांत प्रवेश नाकारला, ते लिहा. लोधीखेड्याकडील एक आई आठवड्यातून एकदा मुलाला घेऊन वाणी-उपचारांसाठी नागपूरला जाते. तिच्या परवानगीने सांगते : जाण्यायेण्यात तिचा पूर्ण दिवस जातो, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि बसमधील हॉर्नने मूल इतके बेजार होते की अर्धा तास मिळणाऱ्या उपचारांतील पहिली दहा मिनिटे त्याला शांत करण्यात जातात. या तीन वाक्यांवर कोणत्याही अधिकाऱ्याला काही तरी करता येते. अश्रूंवर त्याला काही करता येत नाही; तो फार तर पाण्याचा पेला पुढे करतो.

त्याच म्हाइंभटांनी रचलेल्या श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राची येथे आठवण होते. ज्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, तेथे वावरलेले हे सत्पुरुष मुलांत खेळत, मनास येईल तेथे जात, आपल्याशीच बोलत; गाव त्यांना वेडे म्हणे आणि देवही म्हणे. सातशे वर्षांपूर्वीच्या विभूतीला आजच्या वैद्यकाचे लेबल लावण्याचा आचरटपणा मी करणार नाही. लेखकाने काय केले एवढेच पाहा. त्याने त्यांचे विचित्र वाटणारे वागणे झाकले नाही, सुधारून घेतले नाही, आणि त्यासाठी क्षमाही मागितली नाही. जसे होते तसे लिहिले. आपल्या गद्याच्या पहिल्याच पिढीला हे जमले होते.

दुसरा नियम संमतीचा. मी या व्याख्यानाचा मसुदा माझ्या नातवाला वाचावयास दिला. त्याने दोन प्रसंगांवर रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘हे नको’. कारण दिले नाही. मी विचारले नाही. ते दोन प्रसंग आज आपण ऐकणार नाही, आणि श्रोत्यांच्या दृष्टीने ते सर्वांत परिणामकारक ठरले असते हेही सांगून ठेवते. आपले नाव येऊ नये, कुकरची गोष्ट मात्र यावी, असेही त्याने सांगितले. भावाला विचारण्याची सोय उरलेली नाही. म्हणून त्याच्याविषयी जे चारचौघांत घडले, गावाने पाहिले, तेवढेच मी सांगितले. घराच्या आत जे घडले ते आमचे राहील. ज्या मुलांना बोलता वा लिहिता येत नाही त्यांच्या पालकांनीही ही सीमा पाळावी. आपले मूल रडताना, कपडे फाडताना त्याची छायाचित्रे काढून निवेदनाला जोडणे मला मान्य नाही, हेतू कितीही शुद्ध असो. तीस वर्षांनी तो कागद त्या मुलाच्या हाती पडला तर त्याला काय वाटेल, असा विचार करून लिहावे.

‘त्यांना आपले मन कळत नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये तिच्यावर मार्मिक आक्षेप घेतला : न कळणे दुतर्फा असते, मग दोष एकाच बाजूचा का? सौंसरच्या माणसाला हे सांगण्यास समाजशास्त्रज्ञ लागू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरी मराठी, कचेरीत हिंदी. माझ्या पिढीतील कित्येक मुले हिंदी पुस्तकांसमोर गप्प बसत, आणि बाहेरून बदलून आलेले शिक्षक त्यांना मठ्ठ समजत. मूल मठ्ठ नव्हते, शिक्षकही मूर्ख नव्हता. दोघांची भाषा वेगळी होती. फरक एवढाच की शिकण्याचा सगळा भार मुलावर होता. माझ्या नातवानेही आमची भाषा शिकण्यात वीस वर्षे घालविली आहेत. डोळ्यांत पाहून बोलावे, पाहुण्यांना ‘या, बसा’ म्हणावे, चहा नको असला तरी अर्धा घ्यावा. त्याची भाषा शिकण्यात आम्ही किती दिवस घालविले, हा हिशेब आमच्या घरात अलीकडे मांडला जाऊ लागला आहे.

निवेदनात काय मागावे याविषयी पालकांत चर्चा चालू आहे. मी तीन गोष्टींचा आग्रह धरीन. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असावयास हवी. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालकत्वाची गरज पडल्यास अर्ज तिच्याकडेच करावयाचा असतो. तीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आपल्या जिल्ह्याच्या समितीची बैठक ठरावीक दिवशी सौंसरलाही व्हावी. प्रमाणपत्रासाठीची तपासणी अशा दिवशी आणि अशा खोलीत व्हावी की मुलाला गर्दीत चार तास ताटकळावे लागू नये. दमलेले मूल तपासून काढलेला टक्का खरा नसतो. आणि प्रत्येक शाळेत, या शाळेपासून सुरुवात करून, एक शांत खोली असावी. तिला निधी लागत नाही. अडगळ काढली की खोली सापडते. याशिवाय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची. तीत उपचारसत्रांचा खर्चही धरला जातो. पात्र असूनही ज्यांनी तिचे नाव ऐकलेले नाही असे पालक मला याच तालुक्यात भेटले.

एका गृहस्थांनी शंका विचारली की मराठीत लिहिलेले निवेदन येथे चालेल का. संविधानाचा ३५० वा अनुच्छेद पाहावा. संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क त्याने प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. तेव्हा ज्या भाषेत घडले त्या भाषेत लिहा; सोबत हिंदी तर्जुमा जोडण्याचे काम मी पत्करले आहे. मुख्याध्यापकांनी कृपापूर्वक शाळेच्या ग्रंथालयाची खोली दिली आहे. येत्या महिन्यातील चारही रविवारी सकाळी नऊ ते बारा मी तेथे बसेन. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, मी लिहून घेईन, वाचून दाखवीन, आणि मगच त्यांची सही किंवा अंगठा घेईन. मुलांना बरोबर आणावयास हरकत नाही. पंखा आवाज करतो तो दुरुस्त करून घेण्यास सांगितले आहे, आणि त्या वेळात घंटा वाजणार नाही.